वाचकांचे प्रश्न : नोकरीतला भेदभाव आणि तुमच्या राज्याचा कायदा

(अमेरिकेत फेडरल कायदा सगळीकडे एकच असला, तरी त्याच्या जोडीला प्रत्येक राज्याचा आपला कायदा असतो. या वेळच्या पत्रांतला बराचसा गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे आहे.)

प्रश्न : आमची कंपनी छोटी, मिळून नऊ माणसं. गरोदर असल्याचं सांगितल्यावर आधी माझे तास कमी केले, मग ‘परफॉर्मन्स’चं कारण देऊन काढून टाकलं. ईईओसीकडून (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारं फेडरल कार्यालय) कळलं की पंधरापेक्षा कमी कर्मचारी असल्याने माझी तक्रार त्यांच्याकडे बसत नाही. मालक म्हणतो, नोकरी ‘ॲट-विल’ आहे, कारण द्यायचीही गरज नाही. आता काहीच करता येणार नाही का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : येईल. पंधरा कर्मचाऱ्यांची अट ‘टायटल सेव्हन’ या नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या फेडरल कायद्याची आहे. न्यू जर्सीच्या ‘लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन’ला, म्हणजे एलएडीला, अशी किमान संख्याच नाही. गरोदरपणाचं संरक्षण २०१४ पासून त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘ॲट-विल’बद्दल मालक अर्धंच बोलतो आहे : कारण न देता काढता येतं, बेकायदा कारणासाठी काढता येत नाही.

वाटा दोन आहेत. राज्याच्या ‘डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स’कडे १८० दिवसांत तक्रार, किंवा थेट सुपीरियर कोर्टात दोन वर्षांत दावा. कोर्टात जाण्याआधी डिव्हिजनकडे जावंच लागतं असं नाही. उलट, डिव्हिजनचा अंतिम निर्णय लागला की त्याच तक्रारीसाठी कोर्टात नव्याने दावा करता येत नाही. पुरावा भक्कम असेल आणि वकील केस घ्यायला तयार असेल, तर आम्ही कोर्टाची वाट सुचवू. तिथे ज्युरी मिळते, जिंकल्यास वकिलाची फी मालकाकडून वसूल होऊ शकते, आणि मनस्तापाच्या व दंडात्मक भरपाईला टायटल सेव्हनसारखी (कंपनीच्या आकारानुसार ५० हजार ते ३ लाख डॉलर) कमाल मर्यादा नाही.

बऱ्याच केसेस पुराव्याआधी तारखेवर फसतात. मालकाशी किंवा एचआरशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो आणि १८० दिवस निघून जातात. अंतर्गत तक्रारीने मुदत थांबत नाही. दिवस कधीपासून मोजायचे? ‘काढलं’ असं सांगितलं त्या दिवसापासून की शेवटच्या कामाच्या दिवसापासून, याबाबत फेडरल आणि राज्यांची न्यायालयं एकसारखी नाहीत. जी तारीख आधीची, तीच धरा. ऑफर लेटरमध्ये ‘दावा सहा महिन्यांत करावा’ असं कलम असेल तर घाबरू नका. एलएडीची दोन वर्षांची मुदत अशा कराराने कमी करता येत नाही, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं आहे.

आता पुरावा. मालक ‘परफॉर्मन्स’ म्हणणार, आणि ते कारण निव्वळ बहाणा आहे हे तुम्हाला दाखवायचं आहे. बातमी सांगण्याआधीचा चांगला रिव्ह्यू, सांगितल्याची तारीख, तास कमी झाल्याची तारीख आणि तशाच चुका करूनही कामावर राहिलेले सहकारी, या चार गोष्टी एका कागदावर तारीखवार मांडा. पे-स्टब आणि स्वतःचे रिव्ह्यू जपून ठेवा. कंपनीच्या गोपनीय फाइली मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. तो मालकाच्या हातात आयता मुद्दा पडतो. आणि इतरांसाठी एक सूचना : नोकरीत असताना तक्रार करायची तर ‘मला अन्यायाने वागवलं जातंय’ एवढ्यावर थांबू नका, ‘गरोदर असल्यामुळे’ असं लिहा. भेदभावाचा उल्लेखच नसलेल्या तक्रारीला सूडाच्या कारवाईपासून संरक्षण मिळवणं कठीण जातं.

प्रश्न : वय ५४, एच-वन-बीवर आहे. ले-ऑफ झाला, टीममधले तरुण राहिले. सेव्हरन्सच्या (जाताना पैसे घेऊन दाव्याचे हक्क सोडण्याच्या) कागदावर पाच दिवसांत सही मागितली आहे. तक्रार केली तर व्हिसाचं काय? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : सही थांबवा. पाच कामकाजी दिवस बहुधा कॅलिफोर्नियाच्या कायद्यातून आले आहेत. वकिलाचा सल्ला घ्यायला निदान तेवढे द्यावे लागतात. पण चाळिशी ओलांडलेल्याने वयाच्या भेदभावाचा फेडरल हक्क सोडायचा असेल तर विचाराला २१ दिवस, सामूहिक ले-ऑफ असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावर ती मागे घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात. सामूहिक ले-ऑफमध्ये कोणत्या पदांचे, कोणत्या वयाचे लोक निवडले आणि कोणते राखले याची यादीही कंपनीला द्यावी लागते. ती नीट वाचा, बहुतेक वेळा खरी माहिती तिथेच सापडते. केलेल्या कामाचा शेवटचा पगार या सहीवर अडवता येत नाही. तो काढलं त्याच दिवशी देणं आहे, आणि जाणूनबुजून उशीर केल्यास दर दिवसामागे एका दिवसाचा पगार, असा ३० दिवसांपर्यंत दंड बसतो.

राज्याचा कायदा पाच कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. ‘सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट’कडे तीन वर्षांत तक्रार करायची, तिथून ‘राइट टू सू’ची, म्हणजे कोर्टात दावा करायला मोकळीक देणारी, नोटीस घ्यायची, मग एका वर्षात दावा. ही नोटीस लगेच मागता येते, पण वकील ठरला नसेल तर घाई करू नका. ते वर्ष नोटिशीच्या तारखेपासून सुरू होतं.

तक्रारीने व्हिसा जात नाही. मात्र नोकरी संपल्यावरचे कमाल ६० दिवस (आय-९४, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीची नोंद, आधी संपत असेल तर तेवढेच) तक्रारीने वाढतही नाहीत. नवा स्पॉन्सर शोधणं आणि तक्रार, दोन्ही एकाच वेळी चालवा.

प्रश्न : बारा जणांच्या कंपनीत मॅनेजर माझ्या उच्चारांची नक्कल करतो, ‘तुम्ही लोक’ म्हणत बढती नाकारली. टेक्सासात काही उपाय? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : टेक्सासचा कायदाही साधारणपणे पंधरा कर्मचारी मागतो. (लैंगिक छळाला अपवाद : सप्टेंबर २०२१ पासून तिथे एक कर्मचारीही पुरतो.) तुमच्यासाठी ‘सेक्शन १९८१’ हा जुना फेडरल कायदा आहे. त्याला किमान संख्या नाही, आधी कुठल्या कार्यालयात तक्रारही लागत नाही. पण तो वंशासाठी आहे. ‘भारतात जन्मलो म्हणून’ एवढं पुरत नाही, दक्षिण आशियाई वंशाचा मुद्दा मांडावा लागतो. शिवाय वंश नसता तर बढती मिळाली असती, इतकं सिद्ध करावं लागतं, आणि ते अवघड आहे. मुदत बऱ्याच दाव्यांना चार वर्षं, पण बढतीच्या काही दाव्यांना राज्याची दोन वर्षांची लागते. दोनच धरून चाला.

प्रश्न : जातीवरून भेदभाव झाला तर? (एक वाचक, बे एरिया)

उत्तर : सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या कायद्यात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्नियाचं तसं विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नाकारलं; जातीवरचा भेदभाव सध्याच्या तरतुदींनीच निषिद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे तक्रारीत ‘जात’ एवढंच लिहून थांबू नका. वंशपरंपरा, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ यांपैकी जे जे लागू असेल त्याच्यापुढे खूण करा, आणि काय घडलं ते जातीचा उल्लेख करून सविस्तर लिहा.