क्लास राहू द्या, आधी पोरीला होळीला घरी बोलवा

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, समाज पावरा आदिवासी, मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए ७.८, एकही विषय मागे नाही. पण तोंडी परीक्षेत ती गप्प बसते, म्हणून कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी उच्चार सुधारायचा क्लास लावायचाय, फी २८ हजार, आणि कुठला क्लास चांगला ते तुम्ही विचारलंय. सोबत हेही विचारलंय की गॅझेटमध्ये देऊन पावराचं पवार करून टाकावं का, कारण हॉस्टेलच्या दारावर तिने स्वतःच पवार लिहिलंय.

मार्कांची मला अजिबात काळजी नाही. काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांची. एक, आता तिच्या बोलण्यावरून ती कुठली ते कोणालाच ओळखू येत नाही. आणि दुसरं, आजीचा फोन आला की ती रूममधून उठून जिन्यात जाते, तिथे हळू आवाजात बोलते, कोणी वर आलं की "नंतर करते" असं मराठीत म्हणून फोन ठेवते, आणि आजीला तर मराठी फारसं येतच नाही. पहिलं वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि दुसरं तक्रार म्हणून, पण सर, हे एकच आहे हो. बाहेर कोणाला ओळखू येऊ नये म्हणून ती जे करतेय त्याचा हप्ता तिथे जिन्यात आजी भरतेय.

माणूस बघून बोलणं बदलणं सगळेच करतात. मी धुळ्याची, घरी अहिराणी. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तोंडून एक अहिराणी शब्द गेला आणि अख्खा वर्ग हसला, मी चार दिवस कोणाशी बोलले नाही. पण माझं नुकसान तेवढ्यावरच थांबलं, मी गावंढळ ठरले, संपलं. तुमच्या मुलीचं तिथे थांबत नाही ना. तिची बोली कळली की जमात कळते, जमात कळली की कोटा काढतात, मग सीईटीला किती होते, तुला फी पडते का, लॅपटॉप सरकारने दिला का, हे सगळं हसत हसत विचारतात. आयआयटी मुंबईला २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सांगावं लागलं की एकमेकांना रँक विचारू नका, कारण रँकवरून जात काढली जाते. म्हणजे तिची भीती मनाचे खेळ नाहीत. ती एक दार धरून उभी आहे, आणि दार धरलेल्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात.

आता तिची तोंडी परीक्षा डोळ्यांपुढे आणा. बाहेरचे सर विचारतात डेडलॉक म्हणजे काय. तिला येतंय. पण उत्तर तोंडात यायच्या आधी ती मनात वाक्य जुळवते, शब्दाचं लिंग बरोबर आहे का, हा शब्द गावचा तर नाही, आवाज चढला का, इंग्रजी शब्दावर जोर कुठे द्यायचा, हे सगळं तपासून होईपर्यंत सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात आणि कागदावर शून्य पडलेला असतो. अशी मुलं माझ्याकडे दर वर्षी येतात आणि प्रत्येकाचे आईवडील सांगतात की पोरगं लाजाळू आहे. लाजाळू नाही हो, थकलंय. सकाळी मेसपासून रात्री रूममेट झोपेपर्यंत पहारा द्यायचा आणि वर अभ्यास करायचा. आणि ज्या मैत्रिणी तिला पवार म्हणून ओळखतात त्यांच्यासमोर ती कधी पाय पसरून बसणारच नाही, कारण त्यांना कळलं तर, ही धास्ती कायम. तिकडे गावात चुलत बहिणी म्हणतात ही शहराची झाली. सबमिशन आहे सांगून दोन वर्षं होळीला आली नाही असं तुम्हीच लिहिलंय. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार चुकवणारी पावरा पोरगी सबमिशनमुळे थांबली असेल असं मला नाही वाटत.

एक गैरसमज मात्र मला मोडायचाय, कारण शिक्षक असूनही तो तुमच्या मनात बसलाय. धाकट्याचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून तुम्ही घरात पावरी, म्हणजे तुमची बोली, बंद केलीत. डोकं म्हणजे काय दप्तर आहे का, की एक वही काढल्याशिवाय दुसरी मावणार नाही? तुमची मुलगी पहिलीत आली तेव्हा पुस्तकातली मराठी तिच्यासाठी परकी भाषाच होती. ती शिकली, मग हिंदी शिकली, मग इंग्रजीतून इंजिनीअरिंग करतेय, आणि हे सगळं पावरीच्या पायावर उभं आहे, पावरी सोडून नाही. घरात जी भाषा मोकळेपणी चालते तिच्यातच मूल वाद घालायला, गोष्ट सांगायला, का म्हणून विचारायला शिकतं, आणि इंटरव्ह्यूत नेमकं तेच लागतं. आश्रमशाळेत पावरी शब्द तोंडून गेला म्हणून तुम्हाला तासभर उभं केलं होतं ते वाचून वाईट वाटलं. तुमची भीती कुठून आली ते कळतं मला. पण आज वर्गात तुम्ही सर आहात आणि तुमच्या पहिलीतली पोरं पावरीच बोलत येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय. शिक्षा भोगलेल्यानेच घरात तीच शिक्षा चालू ठेवावी, हे मला पटलं नाही, स्पष्ट सांगते.

आडनाव बदलू नका. तिची व्हॅलिडिटी म्हणजे जमातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र, दाखला, मार्कशीट, सगळं पावरा नावावर आहे, पुढे प्रत्येक ठिकाणी गॅझेट जोडत बसावं लागेल. आणि गंमत नाही, दुःख वाटतं सांगायला, की कागदांवर शंका आली तर व्हॅलिडिटी देणारी तपासणी समिती ॲफिनिटी टेस्टमध्ये, म्हणजे माणूस खरंच त्या जमातीचा आहे का ते बघायच्या चाचणीत, तुमचे देव, लग्नाच्या चालीरीती, बोली विचारते. ही चाचणी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं, पण ती गेलेली नाही. म्हणजे एका ऑफिसात पावरा असल्याचं दाखवा आणि कॉलेजात लपवा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीने काय काय सांभाळायचं?

गेट, एमपीएससी वगैरे तुम्ही विचारलंय, ते शेवटच्या वर्षात बघू, आत्ता घाई नाही.

तिला एक गोष्ट मात्र दाखवा. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा, पावरी त्यातलीच, बोलणारे एक कोटीच्या वर होते, तरी आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भिली नाही, आणि मोबाईल-कॉम्प्युटरवर या भाषा जवळपास नाहीतच. २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने आदिवाणी नावाचं भाषांतराचं ॲप आणलं, त्यात सुरुवातीच्या चार भाषांत भिली आहे. असलं काम करायला कोड येणारा आणि बोली जाणणारा माणूस लागतो, आणि असे दोन्ही येणारे फार थोडे आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने पावरीतले आवाज रेकॉर्ड करून काही केलं तर इंटरव्ह्यूत बोलायला तिच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल. करायलाच पाहिजे असं नाही, नुसतं डेटाबेस आवडत असेल तर तेही उत्तम. तिला ठरवू द्या, तुम्ही परत मागे लागू नका.

क्लासचे २८ हजार ठेवा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास तिने तिचा प्रोजेक्ट कोणाला तरी तोंडी समजावून सांगायचा, आधी पावरीत तुम्हाला फोनवर, मग मराठीत, मग इंग्रजीत मैत्रिणीला. चार महिने. इंटरव्ह्यूत उच्चार नाही, सांगितलेलं कळतंय का ते बघतात, आणि जिथे उच्चारावरून हाकलतील तिथे तिने जायची गरज नाही.

दारावरची पाटी तिची तिला बदलायची तेव्हा बदलू दे, तो विषय तुम्ही काढू नका. होळीचं एसटीचं रिझर्व्हेशन मात्र आत्ताच करा. आणि पुढचं पत्र तिने लिहावं, पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका. पावरीत लिहिलं तरी चालेल, माझ्याकडे वाचून सांगणारं माणूस आहे.