कॅननचा वेत आणि मालिकेचं पेर

प्रश्न : 'स्टार ट्रेक', 'डॉक्टर हू' यांसारख्या वर्षानुवर्षं चाललेल्या विज्ञानमालिकांवर मराठीत लिहायचं आहे. 'कंटिन्युइटी'ला 'सातत्य' आणि 'कॅनन'ला 'अधिकृत कथानक' म्हटलं तर चालेल का? – एक वाचक, सोलापूर

दोन्ही चालणार नाहीत. 'सातत्य' तर गेली काही वर्षं इतक्या ठिकाणी वाचतोय की आता ते दिसलं की पान मिटावंसं वाटतं.

रोज पहाटे न चुकता सिद्धेश्वर तलावाला फेरी मारणाऱ्या माणसात सातत्य असतं. खंड न पडणं, चिकाटी, हा त्या शब्दाचा आजचा अर्थ. 'डॉक्टर हू' १९६३ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि १९९६ चा एक दूरचित्रपट सोडला तर थेट २००५ मध्ये परतली. यात सातत्य कुठे आहे? तरीही २००५ चा डॉक्टर, म्हणजे मालिकेचा नायक, हा १९६३ चाच डॉक्टर आहे. १९६६ मध्ये नट विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, चेहरा बदलला, माणूस तोच राहिला, आणि पुढे सगळ्यांनी ते धरून कथा रचल्या. याला मराठीत 'संगती' म्हणतात, किंवा सरळ 'मेळ'. साक्षीदाराच्या कालच्या आणि आजच्या बोलण्यात मेळ नाही असं आपण म्हणतो ना, तोच मेळ. १९७६ मध्ये याच मालिकेने सांगून टाकलं की टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कुणालाही, बाराच वेळा नवं रूप घेता येतं. २०१३ पर्यंत ती बारा रूपांतरं वापरून झाली होती, तेव्हा त्याला नव्याने रूपांतरांचं दान द्यावं लागलं. इथे लेखकांनी मेळ घातला. 'सातत्य राखलं' असं लिहिलंत तर वाचकाला वाटेल, भाग वेळेवर दाखवले.

व्युत्पत्ती काढून 'सातत्या'ची वकिली करणारेही मला भेटलेत. 'सतत' मधला 'तन्' म्हणजे ताणणं, आणि 'कंटिन्युइटी'च्या पोटातलं लॅटिन 'तेनेरे' त्याच धातूच्या कुळातलं. अगदी खरं आहे, आणि सुंदरही आहे. पण वाचक धातू वाचत नाही, शब्द वाचतो.

आता 'अधिकृत'. कॅनन म्हणजे कथेच्या जगात खरोखर घडलं असं धरलेलं तेवढं. 'अधिकृत' हा शब्द शिक्क्याचा आहे, मालकाच्या परवानगीचा. १९७३-७४ ची 'स्टार ट्रेक'ची ॲनिमेटेड मालिका मालकांनीच काढली, मूळच्या बहुतेक नटांनी तिला आवाज दिले, तरी पुढे कित्येक वर्षं तिच्यातल्या घटना मोजीत धरल्या जात नव्हत्या. 'स्टार वॉर्स'च्या रीतसर परवान्याने छापलेल्या ढीगभर कादंबऱ्या २०१४ मध्ये 'लेजेंड्स' हा शिक्का मारून बाजूला काढल्या. त्या आजही अधिकृतपणे विकल्या जातात, कॅनन मात्र नाहीत. म्हणजे 'अधिकृत' असूनही कॅनन नसलेलं साहित्य दुकानभर पडलंय, आणि तरी परिभाषा बनवणारे हाच शब्द पुढे ढकलतात! एकाही उदाहरणावर घासून न पाहिलेला शब्द लोकांच्या गळ्यात का मारायचा?

योग्य शब्द 'प्रमाण'. प्रमाण कथा, प्रमाणबाह्य कथा. कारण 'प्रमाण' हा 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून आलाय, आणि ग्रीक 'कॅनोन' म्हणजे सरळ काठी, मोजकाठी. चर्चने तो शब्द कोणते ग्रंथ पवित्र मानायचे यासाठी घेतला. पुढे इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ च्या आपल्या निबंधात शेरलॉक होम्सच्या कथांना धर्मग्रंथांसारखी चिकित्सा लावली, आणि ५६ कथा व ४ कादंबऱ्यांचा तो संच 'कॅनन' म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथून तो टीव्हीवाल्यांकडे आला.

पण ही काठी कशाची? वेताची. 'कॅनोन'च्या मागे ग्रीक 'कान्ना' आहे, म्हणजे बोरू, वेत, आणि त्याच्या मागे सेमिटिक भाषांतलं रोप. हिब्रूत 'काने'. हाच 'कॅनोन' अरबीत जाऊन 'कानून' झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. 'कान्ना' इटालियनमध्ये गेला आणि मोठी नळी म्हणून 'कान्नोने', म्हणजे तोफ झाला. एका भाषांतरात मी कॅननचं 'तोफ' झालेलं वाचलंय. चूक घोर होती, पण नातं वेताच्या एकाच बेटातलं निघालं.

आणि आता आपल्याकडे या. संस्कृतात वेताच्या दोन गाठींमधला तुकडा म्हणजे 'कांड'. त्यावरूनच ग्रंथाचा भाग तो कांड : बालकांड, सुंदरकांड. वेताची गाठ, सांधा म्हणजे 'पर्वन्'. त्यावरून महाभारताची अठरा पर्वं. उसाचं 'पेर' याच कुळातलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला पेर समजावून सांगायला नको. टीव्हीच्या सीझनला आपण 'पर्व' म्हणतो त्यावर नाक मुरडणारे विद्वान आहेत. 'पर्व म्हणजे सण, पर्वणी,' असं ते बजावतात. त्यांनी क्रम उलटा धरलाय. आधी गाठ, मग पौर्णिमा-अमावस्या हे महिन्याचे सांधे, मग त्या सांध्यांवरचे सण. ज्याने कुणी 'पर्व दुसरे' असं पहिल्यांदा पडद्यावर लिहिलं, त्याने नकळत उसाचं पेर लिहिलं, आणि ते अचूक लिहिलं.

माझं मत असं की लांब कथा मोजायला माणसाने ठिकठिकाणी वेतच हातात घेतला. कांड आणि कान्ना यांचं रक्ताचं नातं मी सांगत नाही. वेत दोन्हीकडे उगवतो आणि त्याला सगळीकडे गाठी असतात, एवढं मला पुरतं. आई यंत्रमागासाठी कांड्या भरायची. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत गुंडाळलेली ती 'कांडी' म्हणजे कांडाचंच लहान रूप. धोट्यातली एक कांडी संपली की दुसरी, आणि कापड सलग. मालिकेची संगती मला त्याहून चांगली कुणी समजावली नाही.

आणि धागा तुटला तर? इंग्रजीत त्याला 'रेटकॉन' म्हणतात, म्हणजे मागे जाऊन संगती लावणं. त्यासाठी आपल्याकडे 'रफू' आहे, नवा शब्द पाडायची गरज नाही. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'मध्ये पहिल्यांदा आलेल्या क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीचं कपाळ सपाट होतं. १९७९ च्या चित्रपटात त्यावर उंचवटे आले. रंगभूषेला जास्त पैसे मिळाले, खरं कारण एवढंच. १९९६ च्या एका भागात जुने क्लिंगॉन पाहून माणसं गोंधळतात, तेव्हा वॉर्फ हा क्लिंगॉन सांगतो की परक्यांशी आम्ही याबद्दल बोलत नाही. तोवर भोक तसंच होतं. २००५ मध्ये जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या साथीची कथा आली आणि सपाट कपाळाला कारण मिळालं. अडतीस वर्षांनी घातलेला रफू, आणि तोही त्याच रंगाच्या सुताने.

तेव्हा तुमच्या लेखात कंटिन्युइटीला संगती किंवा मेळ, कॅननला प्रमाण, सीझनला पर्व आणि रेटकॉनला रफू लिहा. 'रफू'ला अवतरणचिन्हं घालू नका.