ब्लाउजची माया आणि लेकीचं लेखन

पत्र : मी मिरजेत ब्लाउज शिवते. मुलगी बी.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वस्तू अशाच का घडवतात, यावर तिला लिहायचंय. डिझाइन आणि कल्पकता या विषयांवरची पत्रकार व्हायचं, पुढं पुस्तकं लिहायची, असं म्हणते. चित्रकला तिला जमत नाही, एलिमेंटरीला सी ग्रेड होती. घरचे म्हणतात बी.एड. करू दे. या लिहिण्यावर पोट भरेल का?

ताई,

लेकीला हा नाद कुठून लागला, असं तुम्हाला वाटत असेल. मला तर तो तुमच्याच मशिनपाशी लागलेला दिसतो. ब्लाउज बेतताना तुम्ही बाजूच्या शिलाईत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडता. दोन वर्षांनी ती बाई अंगानं भरली तर शिलाई उसवून तोच ब्लाउज पुन्हा अंगात बसतो. दिवसभर वर हात करून काम करणारीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, वेगळा, बसून काम करणारीचा वेगळा. वापरणाऱ्याचा आजचा आणि पुढचा दिवस डोळ्यांपुढं ठेवून वस्तू घडवणं, यालाच डिझाइन म्हणतात.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलंय ते आपल्या लोट्याचं. पाणी किती मावावं, उचलणारे हात केवढे, डोक्यावरून न्यायचा की कमरेवरून, भरलेला असताना आणि रिकामा झाल्यावर तोल कसा राहतो, घासायला तोंड पुरेसं मोठं आहे का, जमिनीवर ठेवल्यावर आवाज कसा येतो, असे प्रश्न त्यांनी एका लोट्यापाशी थांबून विचारले. त्याच अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तुमच्या लेकीला नेमके असेच प्रश्न विचारायचे आहेत. त्याला सी ग्रेड आडवी येत नाही. आयआयटीतून डिझाइनची पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल तर 'सीड' परीक्षेत चित्र काढावं लागतं. पण तिला डिझाइन करायचं नसून त्यावर लिहायचंय, तेव्हा आज तरी त्यामागं लागू नका.

सरावासाठी तिला पुण्या-मुंबईला धाडायची घाई नको. मिरजेतच सतारमेकरांच्या गल्लीत बसवा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी सगळ्यांनी छापली. पण जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा सूर, कशी काढतात हे त्यात किती जणांनी लिहिलं? मी एकदा एका कारागिराजवळ दुपारभर बसलो होतो. त्यांनी घोडीवरून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यावरून, कानस दोनदाच फिरवली, तार चढवली, छेडली, कान दिला, तार उतरवली, परत दोनदा कानस. घोडीच्या माथ्याला इतका हलका उतार द्यायचा असतो की तार त्याला नुसती चाटून जावी. तो उतार पट्टीनं मोजत नाहीत, कानानं ठरवतात. घरी येऊन मी लिहिलं, 'अवीट गोडीचा सूर'. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात कानसही नव्हती आणि कानही नव्हता. विशेषण खोडून तिथं हातानं काय केलं ते लिहायचं, हेच या कामाचं शिक्षण आहे. ते तिला आजपासून घेता येईल.

आपल्या जिल्ह्यात याला जुनी परंपराही आहे. किर्लोस्करवाडीत नांगर बनवणाऱ्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते महाराष्ट्रभर गेलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. यंत्र आणि लेखणी एकाच आवारात नांदू शकतात, हे तिथं शंभर वर्षांपूर्वी दिसलं.

आता पोटाचं. नुसत्या लेखांच्या मानधनावर सुरुवातीची काही वर्षं तरी घर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. मराठीत 'डिझाइन पत्रकार' अशी जागा सहसा निघतही नाही. लोक पगार घेतात तो उपसंपादक म्हणून, कंपनीच्या संपर्क विभागात, जाहिरात संस्थेत, संग्रहालयातल्या माहितीफलकांचं लेखन करून किंवा अ‍ॅपमधल्या सूचना सोप्या भाषेत लिहून. शेवटचं काम तर डिझाइनच्या टीममध्ये बसूनच करतात. आवडीचा विषय शनिवार-रविवारी पुढं सरकतो, आणि चार-पाच वर्षांत एकाच विषयावरचे वीस-पंचवीस लेख जमले की पुस्तकाचं बोलता येतं. म्हणून बी.ए. झाल्यावर पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करू द्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. इंग्रजी वाचनाची सवय मात्र आत्ताच लावायला हवी, कारण या विषयावरचं बहुतेक साहित्य त्या भाषेत आहे.

बी.एड. वाईट नाही, पण ते शिकवायची ओढ असणाऱ्यानं करावं. बी.एड. केलं की नोकरी ठरलेली, असे दिवस राहिलेले नाहीत. पुढं भरतीच्या परीक्षा असतातच. मन नसताना केलं तर दोन वर्षं जातील.

एक काम लगेच करा. येत्या रविवारी तिला शेजारी बसवून एक ब्लाउज बेता. तिनं विचारावं, तुम्ही सांगावं, तिनं पाचशे शब्दांत लिहावं. 'छान', 'सुबक', 'सुंदर' हे शब्द वापरायचे नाहीत. मग तो लेख तुम्ही वाचा. माया कुठं सोडायची, किती सोडायची आणि का, हे शिवण न येणाऱ्या बाईलाही त्यातून कळेल का, ते तुम्हीच तपासा. चुकलं असेल तिथं खडूनं खूण करून परत लिहायला लावा. बरोबर वाटला की मला पाठवा, मी वाट पाहतो.