एकाच फर्ममधले अनुभव इतके वेगळे का?

प्रश्न : व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होत असतानाच मला एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मकडून, म्हणजे इतर कंपन्यांना व्यवसायाबाबत सल्ला देणाऱ्या संस्थेकडून, नोकरीची ऑफर आली आहे. तिथे काम केलेल्यांपैकी काही जण सांगतात, की दोन वर्षांत जे शिकलो ते इतरत्र दहा वर्षांतही शिकलो नसतो. काहींनी मात्र त्याच फर्ममध्ये झोप, प्रकृती आणि आत्मविश्वास गमावला. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोघांवरही ठेवावा. नेमणूकपत्रावर फर्मचे नाव असले, तरी कन्सल्टंटचे दिवस कसे जातील हे ठरते ते प्रोजेक्ट, त्यावरचा मॅनेजर आणि समोरचा क्लायंट यांवरून. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हे तिन्ही बदलतात, आणि म्हणूनच एकाच मजल्यावर बसणाऱ्या दोघांच्या हकिकती दोन निराळ्या कंपन्यांच्या वाटतात.

तक्रारी मात्र बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात, आणि त्यांचे मूळ उत्पन्नाच्या हिशेबात आहे. फर्म माणसांचा वेळ विकते, त्यामुळे प्रत्येकाच्या युटिलायझेशनवर, म्हणजे उपलब्ध तासांपैकी किती तास क्लायंटच्या खात्यावर लागले यावर, सतत नजर असते. समजा, आठवड्याला ४० प्रमाणे वर्षाचे २,०८० तास झाले आणि अपेक्षा ८० टक्क्यांची आहे, तर १,६६४ तास क्लायंटसाठी द्यावे लागतात. उरलेल्या ४१६ मधून सहा आठवड्यांच्या सुट्ट्यांचे २४० तास वजा केले, की १७६ राहतात. त्यांतच प्रशिक्षण, नव्या कामांसाठीची प्रपोजल्स आणि दोन प्रोजेक्टांमधला बेंचवरचा काळ बसवायचा असतो. तो बसत नाही. म्हणून प्रपोजल रात्री लिहिले जाते, आणि ती रात्र बहुधा टाइमशीटवर उमटतही नाही.

शिकायला मिळते, हेही तितकेच खरे आहे. नव्या कन्सल्टंटने तीन दिवस खपून केलेल्या स्लाइडचे शीर्षक ‘विक्रीचे विश्लेषण’ असे असेल, तर चांगला मॅनेजर ते खोडून ‘विक्रीतली घट केवळ जुन्या ग्राहकांमध्ये आहे’ असे पूर्ण वाक्य लिहायला लावतो आणि खालच्या आकड्यांवरून ते खरोखर सिद्ध होते का, हे शेजारी बसून तपासतो. असे वर्षभर घडले, की विचार करण्याची सवयच बदलते. तोच शेरा रात्री दहाला एका ओळीच्या ईमेलमधून आला आणि सकाळी नऊला सादरीकरण असेल, तर त्याच कामातून केवळ थकवा पदरी पडतो.

आत्मविश्वासाचा प्रश्न याहून गंभीर आहे. अनेक फर्ममध्ये ठरावीक काळात बढती मिळाली नाही तर बाहेर पडावे लागते. यालाच ‘अप ऑर आउट’ म्हणतात. १९३३ मध्ये मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये आलेले आणि १९५० ते १९६७ या काळात तिचे प्रमुख असलेले मार्व्हिन बोवर मूळचे वकील होते; त्यांनी कन्सल्टिंगला वकिलांच्या मोठ्या फर्मची शिस्त लावली, आणि ही पद्धतही त्याच जगातली आहे. वरच्या जागा मोजक्या असल्याने बहुतेकांनी काही वर्षांत जाणे हे गृहीतच धरलेले असते. आजवर प्रत्येक परीक्षेत वर राहिलेल्या माणसाला मात्र ते स्वतःचे अपयश वाटते, आणि या व्यवसायातली ही मला सर्वांत दुखरी गोष्ट वाटते, कारण रुजू होतानाच कोणी हे स्पष्ट सांगितले, तर त्या दुःखातले पुष्कळसे टळू शकते.

तेव्हा ऑफर स्वीकारण्यापूर्वी फर्मच्या पार्टनरपेक्षा (वरिष्ठ भागीदारापेक्षा) आपण ज्या प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फर्मच्या ज्या विभागात, जाणार आहात, तिथे वर्ष-दोन वर्षे झालेल्या आणि तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांशी बोलावे. युटिलायझेशनची अपेक्षा किती, प्रोजेक्ट देताना आपली पसंती विचारली जाते का, मूल्यमापनाच्या बैठकीत आपली बाजू कोण मांडतो आणि त्याने आपले काम प्रत्यक्ष पाहिलेले असते का, हे त्यांना विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर तेवढ्यावरून ऑफर नाकारू नये; परंतु रुजू झाल्यावर प्रत्येक प्रोजेक्ट संपताना मॅनेजरकडून लेखी अभिप्राय मागून घ्यावा आणि तो जपून ठेवावा.