वाचकांचे प्रश्न : महागाई वजा जाता घरात किती येतं?

प्रश्न : अमेरिकेच्या सेन्सस ब्यूरोच्या एका अहवालात 2022 सालचं मध्यक घरटी उत्पन्न (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात ते) 74,580 डॉलर दिलंय. पुढच्याच अहवालात त्याच सालासमोर 77,540 डॉलर छापलेत. कोणता आकडा चुकीचा?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. पहिला 2022 च्या डॉलरमध्ये आहे, दुसरा 2023 च्या. महागाई वजा करून दिलेल्या तक्त्यात मागची सगळी वर्षं दरवेळी नव्या वर्षाच्या डॉलरमध्ये पुन्हा मांडतात. म्हणून एक आकडा या अहवालातून आणि दुसरा त्या अहवालातून उचलायचा नाही. 2023 चं मध्यक उत्पन्न 80,610 डॉलर. ते 74,580 शी लावलं तर वाढ 8.1 टक्के दिसते. 77,540 शी लावलं तर 4 टक्के. खरी वाढ ही दुसरी.

प्रश्न : हा हिशोब मी स्वतः केला. ग्राहक किंमत निर्देशांक वापरला, तरी उत्तर थोडं वेगळं येतं. माझं काय चुकतं?

उत्तर : रीत सरळ आहे. जुन्या वर्षाच्या उत्पन्नाला नव्या वर्षाच्या निर्देशांकाने गुणायचं आणि जुन्या वर्षाच्या निर्देशांकाने भागायचं. नेहमीच्या शहरी ग्राहक निर्देशांकाची (सीपीआय-यू) वार्षिक सरासरी 2022 मध्ये 292.655 आणि 2023 मध्ये 304.702 होती. 74,580 × 304.702 ÷ 292.655 म्हणजे सुमारे 77,650. ब्यूरोच्या आकड्यापेक्षा 110 डॉलर जास्त. तुमचा फरक बहुधा हाच. ब्यूरो 2000 पासूनच्या वर्षांना साखळी निर्देशांक (सी-सीपीआय-यू) लावतो. एखादी वस्तू महागली की लोक दुसरीकडे वळतात, हे त्यात धरलेलं असतं. म्हणून तो सहसा थोडा हळू चढतो. एका वर्षात 110 डॉलर किरकोळ वाटतात, पण वीस-तीस वर्षांत हाच फरक साचत जातो आणि निष्कर्ष बदलू शकतो. कोणता निर्देशांक घेतला हे न सांगता काढलेल्या लांब पल्ल्याच्या आलेखावर आम्ही तरी विसंबणार नाही.

2000 च्या आधीच्या वर्षांना ब्यूरो आजच्या पद्धतीने मागे जाऊन सुधारलेली निर्देशांक-मालिका वापरतो. त्याला कारण आहे. 1983 पर्यंत मूळ निर्देशांकात स्वतःच्या घराचा खर्च घरांच्या किमती आणि कर्जाचं व्याज यांवरून धरत. नंतर तेच घर भाड्याने घेतलं तर किती पडेल यावरून धरू लागले. व्याजदर भडकलेल्या त्या काळात जुना निर्देशांक महागाई फुगवून दाखवतो. तो तसाच वापरला तर तेव्हाची कुटुंबं आजच्या डॉलरमध्ये होती त्याहून सधन दिसतात आणि पुढची प्रगती खुजी.

दोन चुका हमखास होतात. एक, डिसेंबरचा निर्देशांक घेणं. उत्पन्न बारा महिन्यांचं असतं, म्हणून वार्षिक सरासरीच घ्यायची, तीही उत्पन्नाच्या वर्षाची. हे आकडे ज्यातून येतात ती ब्यूरोची पाहणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि मागच्या वर्षाचं उत्पन्न विचारते. दुसरी, टक्क्यांची वजाबाकी. उत्पन्न 200 टक्के वाढलं आणि किमती 100 टक्के, तर खरी वाढ 100 टक्के नसते. तिप्पट भागिले दुप्पट म्हणजे दीडपट. वाढ 50 टक्के.

प्रश्न : ही मालिका 1967 पासूनची आहे. सलग आलेख काढायला हरकत नाही ना?

उत्तर : काढा, पण जोड कुठे आहेत ते दाखवा. 2014 च्या पाहणीत निवृत्तिवेतन आणि व्याज-लाभांश नीट पकडता यावेत म्हणून प्रश्न बदलले. त्या वर्षी काही घरांना जुने प्रश्न विचारले, काहींना नवे. त्यामुळे 2013 साठी दोन उत्तरं आहेत : जुन्या प्रश्नांनी 51,939 डॉलर, नव्यांनी 53,585. म्हणजे नुसती प्रश्नावली बदलून सुमारे 3.2 टक्के 'वाढ'. जुन्या वर्षांना 1.032 ने गुणून सांधा जुळवता येतो. मात्र त्यात आधीही लोक तेवढंच उत्पन्न सांगायचं विसरत होते हे गृहीत धरलं जातं, आणि फार मागे जाल तसं ते पटत नाही. 2017 च्या उत्पन्नावर संगणकीय प्रक्रिया बदलली, तिथे दुसरा जोड.

2019 चं प्रकरण वेगळं. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे घरोघरी जाणं थांबलं आणि प्रतिसाद दिलेल्यांत बऱ्या उत्पन्नाची घरं जास्त निघाली. जाहीर आकडा 68,703 होता. ब्यूरोच्याच अंदाजानुसार ही त्रुटी दूर केल्यावर तो 66,790 होतो. 2018 पासूनची वाढ 6.8 टक्क्यांवरून 3.8 वर येते. साथीच्या आधी-नंतरची तुलना 2019 पासून करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : घरं लहान होत गेली, त्याचं काय?

उत्तर : 1967 मध्ये घरात सरासरी 3.3 माणसं होती, आता सुमारे 2.5. घराचं उत्पन्न माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागण्याची रीत रूढ आहे. 3.3 चं वर्गमूळ 1.82, 2.5 चं 1.58, म्हणजे खरं उत्पन्न जागच्या जागी राहिलं असतं, तरी राहणीमान सुमारे 15 टक्क्यांनी सुधारलेलं दिसलं असतं. हा ढोबळ अंदाज झाला. नेमकं उत्तर हवं तर आधी प्रत्येक घराचा भागाकार करून मग मध्यक काढावा लागतो, आणि त्यासाठी तक्ते पुरत नाहीत, पाहणीची घरनिहाय माहिती लागते. ती घेतलीत तर आणखी एक पाहा : या उत्पन्नातून कर वजा केलेला नसतो, आणि अन्नमदत, मालकाने भरलेला आरोग्य विमा, शेअर किंवा घर विकून झालेला नफा त्यात धरलेला नसतो.