आकड्याआधी एकक वाच
खाडीकाठच्या सांडपाणी प्रकल्पावर रुजू झालास, बरं वाटलं. लॅबचा रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक वाच. लिटरला ३ मिलिग्रॅम फॉस्फेट आणि १ मिलिग्रॅम फॉस्फरस ही जवळपास एकच गोष्ट. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यातल्या फॉस्फेटला देशाच्या सर्वसाधारण निकषांत लिटरला ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती फॉस्फरस म्हणून मोजलेली. मी इथेच चुकलो आणि फॉस्फरस खाली बसवायला महिनाभर नको तेवढी तुरटी ओतली.

तुरटीचं जपूनच. आपलं जांभ्यातलं पाणी मऊ, क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, कमी. डोस वाढला की पीएच घसरतो आणि अमोनियावर जगणारे जिवाणू आधी मान टाकतात. म्हणून जार टेस्ट लाव, म्हणजे काही भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीचा वेगळा डोस घालून बघ. कापसासारखे पुंजके तळाला बसले म्हणून खूश होऊ नकोस, वरच्या निवळीतला फॉस्फरस आणि पीएच दोन्ही मोज, मगच डोस ठरव. घसरलेला पीएच वर आणायला चुना हाताशी असू दे.

गाळ टाकीत साठवून ठेवू नकोस. हवा तुटली की जिवाणूंनी धरलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो, आणि ते पाणी फिरून इनलेटलाच येतं.

पावसाळ्यात आकडा छान दिसेल, पण पागोळ्यांचं पाणी गटारात शिरून सगळं नुसतं पातळ झालेलं असतं. आकडा प्रवाहाशी गुणून दिवसाला किती किलो फॉस्फरस जातो ते काढ.

समुद्रात सोडताना त्या निकषांत फॉस्फेटला मर्यादाच नाही, असं कुणी सांगेल. खरं आहे ते. तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली अट वाच. ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला खाडीत परत येतं, आणि आपली कालवं, मुळे ही शिंपली तिथेच वाढतात.