एक शिटी, एक हसू

प्रिय मित्रा,

‘द थर्टी नाइन स्टेप्स’वरचा तुझा लेख वाचला. हिचकॉकच्या या १९३५ च्या हेरपटातली भोकं तू बरोबर हुडकलीस. आसऱ्याला आलेल्या हेर ॲनाबेलाला सुरा मारणारे त्याच घरात झोपलेल्या हॅनेला, म्हणजे नायकाला, जिवंत का सोडतात? पुढे हॅनेसोबत अडकलेल्या पॅमेलाच्या कानांवर हेरांचं फोनवरचं बोलणं नेमकं हवं तेव्हाच कसं पडतं? सगळं कबूल. पण पडद्यासमोर बसलेलं असताना यातलं काहीच का खटकत नाही, ते तू लिहिलंच नाहीस.

कामवाली बाई ॲनाबेलाचं प्रेत पाहते, किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते आगगाडीची शिटी. खुनाचा आळ आलेला हॅने स्कॉटलंडच्या वाटेला लागलासुद्धा! शंका घ्यायला फुरसत कुणाला?

मला खटकलं ते वेगळंच. वाटेत हॅने एका शेतकऱ्याकडे रात्र काढतो. त्याची तरुण बायको मार्गारेट (पेगी ॲशक्रॉफ्ट) लंडनच्या बायकांबद्दल कुतूहलानं विचारते. त्या चार वाक्यांत तिचं अख्खं कोंडलेलं आयुष्य दिसतं. जेवणाआधी प्रार्थना म्हणता म्हणता नवऱ्याची संशयी नजर दोघांवर फिरते. पुढे मार्गारेट हॅनेला नवऱ्याचा कोट देऊन पळवते. त्याच कोटाच्या खिशातलं प्रार्थनागीतांचं पुस्तक छातीवरची गोळी अडवतं. हा योगायोग मी आनंदानं गिळतो. पण इकडे नवरा पुस्तक शोधतो, कोट कुठे गेला ते कळताच तिच्यावर हात उचलतो आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर शेरीफ खदखदून हसतोय. शिटीच्या वेळी संकलनाच्या ज्या कात्रीला आपण दाद दिली, तीच ही. मार्गारेट पुन्हा दिसत नाही. या सिनेमाचा खरा दोष मला इथे वाटतो. तुझ्या लेखात तिचं नावही नाही.

बाकी, हेरांना हवं असलेलं गुपित म्हणजे आवाज न करणाऱ्या विमान-इंजिनाची माहिती. ते दुसरं काही असतं तरी बिघडलं नसतं. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या जॉन बकनच्या कादंबरीतल्या ३९ पायऱ्या खरोखरच्या, समुद्राकडे उतरणाऱ्या. इथे ते हेरांच्या टोळीचं नाव. थोडी पळवाटच. पण ते नाव उघड होतं कसं, बघ. भर नाट्यगृहात हॅने ‘थर्टी नाइन स्टेप्स म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारतो आणि स्मरणशक्तीचे खेळ करणारा, हेरांसाठी ते गुपित पाठ केलेला मिस्टर मेमरी उत्तर देऊ लागतो. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हा त्याचा धंदा, आणि अभिमानही. गोळी लागल्यावरही तो सगळं गुपित पाठ म्हणून दाखवतो आणि बरोबर आलं का, असं विचारतो.

लेख पुन्हा लिही. सुरुवात मार्गारेटपासून कर. भोकांची यादी जागा उरली तर.

तुझा,
सर